झाडीआडचा किल्ला : हायडेलबर्गच्या एका जलचित्राच्या प्रकल्प नोंदी

९ मार्च

जागा एकदाची पक्की केली. जर्मनीतल्या हायडेलबर्गचा किल्ला रंगवायचा म्हटलं की सगळे नेकार नदी ओलांडून समोरच्या फिलोझोफेनवेग या डोंगरवाटेवर जातात, कारण तिथून पूल, गाव, किल्ला आणि मागचा डोंगर असं सगळं एका चौकटीत आयतं मिळतं. मला ते नकोय. मी किल्ल्याच्याच अंगाला, पूर्वेकडे, श्लॉस-वोल्फ्सब्रुनेनवेगच्या वर जंगलात शिरणारी पायवाट धरली. थोडं चढलं की बीच आणि चेस्टनटच्या खोडांमधून किल्ला खाली, पश्चिमेला दिसतो. डावीकडे सुरुंगाने फुटलेला बुरूज, मधे ओटहाइनरिश महालाची छप्पर नसलेली पाठभिंत, उजव्या टोकाला घंटेचा अष्टकोनी बुरूज आणि या सगळ्याच्या मागे धुरकट होत गेलेलं ऱ्हाइनचं सपाट मैदान.

प्रकल्प असा : १८२० च्या आसपासच्या एखाद्या चित्रकाराने ज्या साधनांनी आणि ज्या क्रमाने केलं असतं, तसं एक पूर्ण जलचित्र. आकार २८ बाय ४० सेंटिमीटर. रंग १८३० पर्यंत युरोपात मिळत होते तेवढेच. पांढरा रंग नाही. जलरंगात भरवशाचा पांढरा, म्हणजे चायनीज व्हाइट, १८३४ चा. कागदाचा पांढरा भाग झाकून ठेवणारं मास्किंग फ्लुइड नाही, फोटो नाही. जागेवर फक्त पेन्सिल आणि शेरे, रंगकाम घरी. इंग्लिश चित्रकार टर्नर १८३३ मध्ये पहिल्यांदा इथे आला तेव्हा त्याचीही पद्धत साधारण हीच होती. खिशातल्या वहीत भराभर पेन्सिल, रंग सवडीने.

रोमँटिक काळातल्या या चित्रांवर लिहिणारे भग्न बुरुजांवर पानंच्या पानं खर्च करतात आणि झाडं ‘निसर्गरम्य परिसर’ म्हणून एका ओळीत उरकतात. प्रत्यक्ष कागद बघितला तर निम्म्याहून जास्त जागा झाडांनी खाल्लेली असते. मला काम त्या निम्म्यावर करायचंय.

१६ मार्च

पहिलं रेखाटन. झाडांना अजून एक पान नाही, त्यामुळे किल्ला जवळजवळ उघडाच आहे. हा काळ हाडं समजून घ्यायला उत्तम.

बीचचं खोड गुळगुळीत, करडं, आणि उजेड पडला की एका बाजूला चक्क चंदेरी दिसतं. चेस्टनटचं त्याच्या उलट. त्याच्या सालीच्या भेगा सरळ उभ्या न जाता खोडाभोवती पिळत वर चढतात, त्यामुळे म्हातारं झाड कोणीतरी हाताने पिळून ठेवल्यासारखं वाटतं. हा पीळ डावीकडे आहे की उजवीकडे हे प्रत्येक झाडाशी लिहून ठेवलं. घरी गेल्यावर आठवत नाही आणि मग सगळी झाडं एकाच साच्यातली होतात.

फुटलेल्या बुरुजाला इथे नुसतंच ‘गेश्प्रेंग्टर टुर्म’ म्हणतात. फ्रेंच फौजांनी हा किल्ला १६८९ मध्ये जाळला, १६९३ मध्ये परत आल्या आणि बंदुकीच्या दारूचा हा बुरूज सुरुंग लावून उडवला. भिंती सहा मीटरहून जाड. त्या चुरा होऊन पडल्या नाहीत. बुरुजाचा बाहेरचा अर्धा भाग अखंडच सुटला आणि खंदकात घसरला. तो आजही तसाच तिरका पडून आहे. त्यामुळे आतले मजले, मधला खांब, कमानी असं सगळं उघड्यावर आलंय. युद्ध इथल्या पफाल्झ संस्थानाच्या गादीच्या वारसाहक्काचं होतं, चौदाव्या लुईने आपल्या भावजयीच्या नावाने सांगितलेला हक्क. त्या भावजयीचं, लिझेलोटेचं, माहेर म्हणजे हाच किल्ला. तिच्या नावाने तिचंच माहेर जाळलं.

पुढे डागडुजी चालू होती, तर १७६४ मध्ये वीज पडली आणि पुन्हा आग लागली. त्यानंतर राजघराण्याने नाद सोडला. रोमँटिक चित्रकारांच्या हाती आला तो असा, दोन लढाया आणि एका विजेने तयार करून दिलेला विषय.

२३ मार्च

आजचा दिवस कागदात गेला.

इंग्लिश जलरंगाची ती सगळी पिढी ज्यावर उभी आहे तो व्हॉटमनचा वोव्ह कागद. त्याआधीच्या कागदावर जाळीच्या तारांच्या रेघा उमटायच्या आणि मोठा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, दिला की रंग त्या रेघांत बसायचा. अठराव्या शतकाच्या मध्याला जेम्स व्हॉटमनने विणलेल्या तारेच्या जाळीवर कागद काढला. रेघा गेल्या, पृष्ठभाग एकसारखा झाला. त्यावर जिलेटिनची कांजी अशी कडक असायची की रंग लावा, स्पंजने पुसा, चाकूने खरवडा, कागद हूं की चूं करत नाही. म्हणजे टर्नरच्या चित्रात जे धाडस दिसतं त्यातलं निदान पाव श्रेय कागदवाल्याचं आहे.

माझा कागद सुती आहे आणि त्याला जिलेटिनचं सायझिंग आहे. टबमध्ये दोन्ही बाजूंनी भिजवला, पाणी निथळू दिलं, लाकडी फळीवर टाकून मधून कडेकडे हलक्या हाताने सपाट केला आणि चारी बाजूंनी डिंकपट्टी लावली. हीटरपासून लांब, आडवा ठेवला. उभा ठेवला की पाणी खाली उतरतं, खालची कड उशिरा वाळते आणि वरची आधी ओढून पट्टी सोडवते. रात्री बोटाने टिचकी मारली तर टणक आवाज आला. ताणला गेलाय.

२९ मार्च

निळीच्या पट्ट्या काढून बघितल्या.

गेल्या शरद ऋतूत दक्षिणेच्या खिडकीत चार पट्ट्या चिकटवल्या होत्या, प्रत्येकीचा अर्धा भाग काळ्या पुठ्ठ्याखाली. नुसती नीळ, नीळ आणि लाइट रेड मिळून राखाडी, नीळ आणि गॅम्बोज या जुन्या पिवळ्याच्या जागी आजचा टिकाऊ पिवळा, प्रशियन ब्लू. नीळ खरी, वनस्पतीपासूनची. आज पुठ्ठा काढला. नुसत्या निळीचा पातळ वॉश उघड्या बाजूला इतका फिका झालाय की सीमारेषा नखाने आखल्यासारखी दिसते. हिरव्याचा पिवळट झालाय. पण खरी मजा राखाडीत आहे : झाकलेल्या बाजूला पावसाळी ढग, उघड्या बाजूला गुलाबी पहाट. निळा उडाला, तांबडा राहिला.

टर्नरच्या पिढीतल्या थॉमस गर्टिन या इंग्लिश जलरंगकाराची कितीतरी चित्रं आज अशीच तांबूस झाली आहेत. त्याचे करडे ढग निळीवर उभे होते. लोक त्या उबदार आभाळाचं कौतुक करतात आणि ते त्याने रंगवलेलंच नाही. १८८८ मध्ये रसेल आणि अ‍ॅबनी या दोघांनी जलरंग उडण्यावर इंग्लंडमध्ये सविस्तर अहवाल दिला, तोवर यावर नुसतीच हमरीतुमरी चालली होती. आणि त्या काळी युरोपातल्या पेट्यांत जाणारी नीळ बरीचशी बंगालची, म्हणजे त्या ढगांत आपल्याकडच्या रयतेचा घामही होता, हे चित्राखालच्या पाटीवर कधी लिहिलेलं नसतं.

ठरवलं : आभाळ आणि लांबचं मैदान यांत नीळ नाही, तिथे कोबाल्ट ब्लू. तेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने तो १८०२ मध्ये काढला, म्हणजे नियमात बसतो. नीळ फक्त जवळच्या गडद झाडीत, जिथे थर जाड असतो आणि उडाली तरी लवकर कळत नाही.

गॅम्बोज मात्र खरा वापरणार नाही. तो आग्नेय आशियातल्या एका झाडाचा वाळलेला चीक, पोटात गेला तर जुलाब लावणारा, आणि उजेडात फारसा टिकतही नाही. झाड मात्र आपल्या कोकमाच्या भाऊबंदांतलं, गार्सिनियाच. कोकणात आजोळ असल्यामुळे ही माहिती मला उगाचच आवडते.

६ एप्रिल

हिरव्यावर अडकले. त्या काळी पेटीत हिरवा रंग जवळजवळ नसायचाच. एमराल्ड ग्रीन १८१४ मध्ये आला, पण तो आर्सेनिकचा आणि भडक. आज सगळे वापरतात तो व्हिरिडियन १८५९ च्या पेटंटनंतरचा. तेव्हा झाडी म्हणजे निळा, पिवळा, आणि वर थोडा तपकिरी किंवा तांबडा, असं प्रत्येक वेळी मिसळूनच. मी नीळ, प्रशियन ब्लू, पिवळा, यलो ओकर, बर्न्ट सिएना अशा जोड्यांचा तक्ता केला. तक्त्यावर सगळे छान, एकत्र ठेवले की चिखल.

संध्याकाळी पुण्याला सरांना व्हिडिओ कॉल केला आणि तक्ता कॅमेऱ्यासमोर धरला.

“सर, यातला कोणता धरू?”

“कोणताच नको. अगं, झाड मुळात हिरवं कुठे असतं? उन्हात पिवळं, सावलीत जांभळट, आणि दोन्हींच्या मधे कुठेतरी थोडंसं हिरवं. तू तेवढंच रंगवत बसलीस तर पालेभाजीची जुडी होईल.”

“पण इथलं मे महिन्यातलं जंगल खरंच हिरवंगार असतं हो.”

“असू दे की. तुला जंगल दाखवायचंय की किल्ला?”

“जंगल.”

“मग किल्ला नीट तांबडा कर. हिरवं आपोआप दिसेल.”

सर असे अर्धं सांगून फोन ठेवतात. पण मुद्दा बरोबर आहे. किल्ल्याचा दगड नेकारच्या खोऱ्यातला लाल वालुकाश्म. त्याला लागून काहीही करडं ठेवलं तरी ते हिरवट दिसणार. तक्त्यातले अर्धे रंग काटले.

१३ एप्रिल

दिवसभर पाऊस. जंगलात जाण्यात अर्थ नव्हता, म्हणून इथल्या विद्यापीठाच्या साउथ एशिया इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात गेले. मराठी पुस्तकांचं कपाट बघितलं की या गावात परकं वाटत नाही. ग्युंटर सोन्थायमर इथेच शिकवायचे, १९९२ मध्ये गेले तोवर. जेजुरी, धनगर, खंडोबा यांच्यामागे या माणसाने उभं आयुष्य महाराष्ट्राच्या माळरानांवर घातलं, आणि घरी परतायचं ते या किल्ल्याच्या पायथ्याशी.

त्यांची ‘वन’ आणि ‘क्षेत्र’ ही जोडी पुन्हा वाचली. वन म्हणजे रान, गुराखी, शिकारी, लुटारू, तपस्वी यांचा मुलूख. क्षेत्र म्हणजे नांगरलेली जमीन, गाव, देऊळ, राजा. दोन्ही एकमेकांवाचून चालत नाहीत आणि देव या दोन्हींत ये-जा करतो. खंडोबाची म्हाळसा वाण्याची, गडावरची. बाणाई धनगराची, रानातली.

माझ्या चित्राकडे बघायला हे अचानक कामाचं वाटलं. जर्मन रोमँटिकांच्या डोक्यात सोन्थायमर नव्हते हे उघड आहे. पण त्यांनी केलं ते हेच की क्षेत्राचा शिरोमणी असलेला राजाचा वाडा उचलून पुन्हा वनात नेऊन ठेवला. सोळाव्या शतकातल्या माणसाला किल्ला झाडांतून बघायचं काही कारण नव्हतं. तो समोरून, रस्त्याने, दरवाजातून बघायचा, आणि किल्ल्याच्या सभोवतीचं रान शत्रूला आडोसा नको म्हणून तोडून टाकायचा. मोकळ्यावरचा किल्ला हुकूम करतो. झाडीआडचा किल्ला सापडावा लागतो. बघणारा प्रजाजन राहत नाही, वाटसरू होतो.

आणि हे रानही सगळं आपोआप वाढलेलं नाही. किल्ल्याच्या पूर्वेला सतराव्या शतकाच्या सुरुवातीला सालोमों द को याने होर्टुस पालाटिनुस नावाची बाग आखली, आखीव ताटवे, कारंजी, गुंफा असलेली. तीस वर्षांच्या युद्धामुळे ती पुरी झालीच नाही. १८०४ नंतर त्याच गच्च्यांवर विद्यापीठातल्या वनशिक्षणासाठी तऱ्हेतऱ्हेची झाडं लावली गेली आणि वळणावळणाच्या वाटा काढल्या गेल्या. म्हणजे फोर, रॉटमन, फ्रीस ही रोमँटिक चित्रकार पोरं इथे चित्रं काढत हिंडत होती तेव्हा त्यांचं ‘प्राचीन अरण्य’ थोडंफार त्यांच्या बरोबरीनेच वाढत होतं.

२० एप्रिल

बीच फुटला. पान अजून मऊ, कडेला रेशमी लव असलेलं, उन्हात धरलं तर आरपार दिसतं. महिन्यापूर्वी उघडा दिसणारा किल्ला आता तुकड्यातुकड्यांत उरलाय. घंटेचा बुरूज जवळजवळ गेला.

आज कागदावर काय ठेवायचं ते ठरवलं. फुटका बुरूज ही या किल्ल्याची सगळ्यात जास्त चितारलेली जागा; पोस्टकार्डांपासून चहाच्या कपांपर्यंत तोच. तो पूर्ण दाखवला की बघणाऱ्याचं चित्र तिथेच संपतं. म्हणून त्याच्यावरून चेस्टनटची एक आडवी फांदी नेली. भगदाडाची वरची कड आणि आतल्या कमानीचा थोडा काळोख एवढंच दिसेल. त्याऐवजी उजेड पडेल तो ओटहाइनरिश महालाच्या रिकाम्या खिडक्यांवर, ज्यांच्यातून पलीकडचं आभाळ दिसतं. महाल १५५६ मध्ये सुरू झालेला, आल्प्सच्या उत्तरेकडच्या रेनेसाँस इमारतींत फार वरचा मानतात. त्याचा देखणा दर्शनी भाग आतल्या चौकाकडे, मला मिळते ती पाठ. चालेल. पाठीला आभाळ जास्त आहे.

फांदी प्रत्यक्षात जिथे आहे तिथून दोन बोटं खाली घेतली. टर्नरने तर किल्लेच्या किल्ले वर उचलले आहेत.

२७ एप्रिल

रंगाला हात घातला.

पूर्ण कागद स्पंजने ओला करून क्षितिजाच्या जागेपासून खाली यलो ओकरमध्ये किंचित लाइट रेड, वर जाताना कोबाल्टचा अगदी पातळ हात. किल्ल्याच्या खिडक्यांच्या जागा आताच लक्षात ठेवायच्या, कारण तिथे हाच पहिला थर शेवटपर्यंत उघडा राहणार आहे. वाळल्यावर मैदान : कोबाल्ट आणि मॅडरचा तांबडा, कडा सगळ्या मऊ. पलीकडचे पफाल्झचे डोंगर म्हणजे एकच पट्टा, कुंचला एकदाच ओढून सोडलेला.

इथे एक निवड करायची होती. अठराव्या शतकातली रीत अशी की आधी सगळ्या सावल्या करड्या रंगात पूर्ण करायच्या आणि मग वरून स्थानिक रंगाचे पातळ हात द्यायचे. गर्टिन आणि टर्नरच्या पिढीने ती मोडली आणि सरळ रंगातच काम सुरू केलं. जर्मनीत वेगळंच चाललं होतं. कार्ल फिलिप फोर आधी पेनने काटेकोर रेखाटायचा, पान न् पान, फांदी न् फांदी, आणि त्यावर स्वच्छ पारदर्शक वॉश. डार्मश्टाटच्या हेसिशेस लांडेसम्यूझियममध्ये त्याची नेकार परिसराची वही आहे. १८१३-१४ चं काम, म्हणजे तेव्हा तो जेमतेम सतरा-अठरा वर्षांचा. किल्ले, दऱ्या, वाटेवरचे प्रवासी. १८१८ मध्ये रोमला टायबर नदीत पोहताना बुडाला, वय २२.

त्याच्या रेषेची भूल पडते, पण मी पेन घेतलं नाही. रेषा आली की जवळचं पान आणि लांबची खिडकी सारख्याच आवाजात बोलायला लागतात. मला जंगल पुढे आणि किल्ला मागे हवाय.

४ मे

किल्ल्याचा दगड. लाइट रेड आणि ओकर, सावलीकडे त्यातच कोबाल्ट. लाल वालुकाश्म पावसाने काळवंडतो, शेवाळाने हिरवटतो, त्यामुळे सपाट तांबडा दिला की लगेच वीटकाम वाटायला लागतं. वॉश ओला असताना कडेला थोडं स्वच्छ पाणी सोडलं, ते आत शिरून रंग बाजूला सारतं आणि झिजलेल्या दगडाचा डाग आपोआप तयार होतो. हे ठरवून नीट होत नाही, नुसतं होऊ द्यावं लागतं. खिडक्यांच्या कडा मात्र कोरड्या कागदावर, टोकदार कुंचल्याने.

अर्ध्या तासात संपलं. किल्ल्याला एवढाच वेळ लागतो.

११ मे

आज झाडी, सकाळपासून अंधार पडेपर्यंत.

क्रम असा धरला. आधी मधलं अंतर, किल्ल्याच्या खालची झाडं : पातळ, निळसर, एकमेकांत मिसळलेली, एकही पान नाही. ते वाळल्यावर खोडं. खोड किल्ल्यावरून जातं तिथे ते गडद, आणि तेच खोड खाली काळोख्या झाडीसमोर येतं तिथे उजळ. एकच खोड वर काळं, खाली चंदेरी. डोळ्याला निसर्गात हे जाणवत नाही, कागदावर मात्र सगळी खोली यावरच उभी राहते. या अदलाबदलीची जागा प्रत्येक झाडात वेगळ्या उंचीवर हवी. सगळीकडे एकाच पातळीवर आली तर आडवी रेघ तयार होते आणि जंगलाचं कुंपण होतं.

मग पालवी. उन्हातली पानं आधी, पिवळ्या रंगात, कुंचला जवळजवळ कोरडा करून आडवा घासत, म्हणजे कागदाच्या खरबरीतपणात मधेमधे पांढरे कण सुटतात. त्यावर नीळ आणि बर्न्ट सिएनाची सावली, पण फक्त गुच्छांच्या खालच्या अंगाला. दोन गुच्छांच्या मधली भोकं सगळ्यात शेवटी आणि मोजकी. हौशी माणूस पानं जास्त रंगवतो तशी भोकंही जास्त ठेवतो.

जवळचा काळोख जमेना. नीळ, सेपिया, बर्न्ट सिएना कितीही दिलं तरी वाळलं की मेल्यासारखं दिसायचं. शेवटी रंगात डिंकाचं पाणी घातलं. त्या काळी हे सर्रास चाले. डिंकाने गडद रंगाला ओलसर खोली येते, जवळची झुडपं एकदम पुढे आली. जास्त झाला तर चकाकतो आणि पुढेमागे तडकतो, म्हणून फक्त खालच्या डाव्या कोपऱ्यात.

१२ मे

उजेड काढण्याचं काम. किल्ल्यासमोरच्या फांदीवर उन्हातली पानं हवीत, आणि पांढरा रंग तर नाही. फ्रान्सिस निकल्सनने मेण आणि टर्पेंटाइनच्या मिश्रणाने जागा झाकून ठेवायची युक्ती १७९९ मध्ये जाहीर केली होती. घरात तो वास नको म्हणून दुसरी रीत वापरली : वाळलेल्या गडद रंगावर स्वच्छ पाण्याने पानाचा आकार काढायचा, थोडं थांबायचं, टिपकागद दाबायचा आणि लगेच पावाच्या गाभ्याने चोळायचं. ओला झालेला रंग तेवढ्याच आकारात निघून येतो, मागे फिकट पान उरतं. त्यावर पिवळ्याचा एक हात.

पाव इथला राईचा उपयोगाचा नाही, तो आंबट, चिकट आणि तपकिरी डाग पाडतो. आदल्या दिवशीचा पांढरा ब्रोटशन, वरचं कवच काढून, उत्तम. नवरा म्हणाला, नाश्त्याला काय ठेवलंयस? त्याला राईचा दिला.

सगळ्यात पुढच्या दोन-तीन गवताच्या काड्या आणि बीचच्या खोडाची चकाकती कड चाकूच्या टोकाने खरवडून काढली. टर्नर त्यासाठी अंगठ्याचं नख वाढवून असायचा म्हणतात. माझा चाकू बरा.

१८ मे

माणूस घालायचा की नाही यावर आठवडा गेला. आकृतीशिवाय झाडांची उंची कळत नाही. पण कोणाची? फोर आणि त्याचे मित्र अशा वाटेवर जुन्या जर्मन पोशाखातले शिलेदार आणि यात्रेकरू घालायचे. नेपोलियनच्या पाडावानंतरचे ते दिवस, मध्ययुग हे त्यांना हरवलेलं माहेर वाटत होतं. टर्नरने पुढे तैलचित्रात किल्ल्यासमोर जुन्या दरबाराची माणसंच माणसं आणली.

मला एकच हवं होतं. एक विचार शार्ल द ग्रैंबेर्गचा होता. १८१० मध्ये आलेला हा फ्रेंच निर्वासित. तेव्हा बाडेन सरकारला ही ओसाड इमारत नकोशी झाली होती आणि गावातले लोक घरं बांधायला इथले दगड नेत. हा माणूस किल्ल्यात राहायलाच गेला, दगड नेणाऱ्यांना हटकू लागला, आणि किल्ल्याची चित्रं छापून विकू लागला. फ्रेंचांनी उडवलेला किल्ला एका फ्रेंचानेच राखला. पण पाठमोरा, बोटाच्या पेराएवढा ग्रैंबेर्ग ओळखणार कोण? मग तो नुसताच टोपीवाला होतो.

शेवटी मोळी घेतलेली बाई घातली, वाटेवर उतरणीला, किल्ल्याकडे न बघणारी. जंगल चित्रकारांच्या आधी तिचं होतं. सरपण, पाचोळा, चेस्टनट यांसाठी माणसं इथे रोज येत असणार. डोक्यावर लाल रुमाल द्यायचा मोह टाळला. हिरव्यात लाल ठिपका ही त्या काळची इतकी ठरलेली चाल आहे, आणि इथे लाल किल्ल्याकडे आधीच आहे. रुमाल मळकट ओकर.

२५ मे

पट्ट्या कापून कागद फळीवरून सोडवला. वाळून अगदी सपाट. सरांना फोटो पाठवला. उत्तर आलं : “उजवीकडचं तिसरं झाड काढ.” काढता येत नाही, ते खोड दोन थर खाली गेलंय. पण बरोबर आहे त्यांचं, ते नसतं तर घंटेच्या बुरुजाची कड सुटी दिसली असती. स्पंजने त्याची वरची बाजू थोडी उतरवली, एवढं या कागदाने सोसलं.

आज पुन्हा वर जाऊन आले. माझ्या वळणावरून आता किल्ल्याची एकही ओळखीची रेघ दिसत नाही, नुसता पानांमागे तांबूसपणा. जुन्या चित्रांत इथले डोंगर आजच्यापेक्षा पुष्कळ मोकळे दिसतात. तेव्हाच्या चित्रकाराला झाडी शोधून तिच्यामागे किल्ला बसवावा लागत असेल, मला पालवीच्या आधी किल्ला पकडावा लागला.

चौकटीसाठी आम्लमुक्त माउंट मागवलाय. टांगायचं जिन्याच्या उत्तर बाजूला, थेट उजेड नको. संग्रहालयं कागदावरच्या कामाला ५० लक्सच्या आसपास ठेवतात, घरात तेवढं सांभाळणं कठीण, पण डाव्या कोपऱ्यातल्या निळीसाठी निदान ऊन तरी टाळायचं. खिडकीतल्या पट्ट्या परत लावल्या, या वेळी डिंक घातलेला गडद रंगही त्यांत आहे. पुढच्या कागदासाठी हिरशहॉर्नचा किल्ला बघायला शनिवारी नेकारच्या वरच्या अंगाला जायचंय. तिथे जंगल मागे आहे आणि किल्ला पुढे, म्हणजे सगळं उलटं करावं लागेल.